उस्तादांची रेघ

"इथे आधी काय लिहिलं होतं?"

नवीदने वहीवरचा हात काढून घेतला.

सुखदेव गजभिये यांनी वही उचलली, पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. खोडरबराने घासून घासून कागद तिथे पातळ झाला होता. वर नवा आकडा होता, स्वच्छ, टोकदार पेन्सिलीने लिहिलेला. पण जुन्या आकड्याचा दाब कागदावर तसाच राहिला होता.

"चौदा," ते म्हणाले. "चौदा अंश, डोंगराकडे. अन् आता काय आहे? अठ्ठावीस अंश, दरीकडे. काहून खोडलं बे?"

"चूक होती, उस्ताद."

"कोणाची?"

"माझी."

"कशावरून?"

नवीदने मान खाली घातली.

"नकाशावर तुमची रेघ आहे... ती रेघ खरी असेल, तर माझा आकडा खरा असू शकत नाही."

गजभियेंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग वही मिटली.

"अरे बाप्पा..." ते हळूच म्हणाले. "चहा टाक."

हे बोलणं मराठीत चाललं होतं, पण ज्या खोलीत चाललं होतं तिथून नागपूर फार लांब होतं. मधे कित्येक नद्या, एक वाळवंट आणि बर्फाचे डोंगर होते.

देश डोंगराळ होता. बावीस वर्षं तिथे लढाई चालली. राजधानीत एकेकाळी भूविज्ञानाची मोठी संस्था होती. देशातल्या प्रत्येक डोंगराचे दगड तिथे सागवानी कपाटांत, चिठ्ठ्या लावून ठेवलेले. लढाईच्या हिवाळ्यांत लोकांनी ती कपाटं शेकोटीत घातली. थंडीच तशी होती, कोणाला दोष देणार? दगड जळत नाहीत म्हणून ते तेवढे अंगणात ढीग होऊन पडले. चिठ्ठ्या उडून गेल्या. शिकवणारे काही मेले, काही परदेशी गेले, दोघे-तिघे टॅक्सी चालवत होते.

लढाई थांबल्यावर नव्या सरकारने ठरवलं की संस्था पुन्हा उभी करायची. त्यासाठी आधी माणसं शिकवायला हवीत. म्हणून दोन वर्षांच्या बोलीवर गजभिये आले. वय सहासष्ट. बाप तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत मजूर होता. मुलगा भूवैज्ञानिक झाला आणि पस्तीस वर्षं जंगलातून खडकांचे नकाशे काढत हिंडून निवृत्त झाला. डावा गुडघा त्या हिंडण्यातच गेलेला.

पहिल्या दिवशी अकरा शिष्य समोर बसले होते. काही चाळिशीचे. छप्पर तीनच खोल्यांवर होतं.

"आम्हाला काय शिकवणार, उस्ताद?" एकाने विचारलं.

गजभिये त्यांना अंगणात घेऊन गेले. ढिगाऱ्यातला एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"याला विचारा, बाबा, तुझं गाव कोणतं?"

चार महिने तेच चाललं. चार हजार दगड. आधी ते अकरा जण हसले, मग चिडले, मग एकमेकांशी भांडू लागले की हा दगड उत्तरेचा की पश्चिमेचा. गजभिये मोडक्या खुर्चीवर बसून भांडणं ऐकत. चुकलेला दगड परत ढिगात टाकताना ते मराठीतच म्हणत, "चुकलं." त्या वर्गाला मराठीतला पहिला शब्द आला तो हा.

नवीदला मात्र मराठी आधीपासून येत होती. लढाईच्या काळात तो पुण्यात शिकायला होता. पाच वर्षं एका मेसमध्ये जेवला आणि मेसवाल्या मावशींकडून भाषा शिकला. त्यामुळे तो गजभियेंपेक्षा शुद्ध बोलायचा.

"तू 'करून राहिला' म्हणू नको मला," गजभिये त्याला चिडवायचे, "नाहीतर पुण्याची मावशी रागावेल."

नवीद हुशार होता, कष्टाळू होता. आणि त्याला एक गर्व होता. उस्तादांची भाषा फक्त आपल्याला येते. उस्तादांचा शब्द इतरांपर्यंत पोचतो तो आपल्या तोंडून. त्याचं प्रत्येक वाक्य "उस्ताद म्हणाले" असं सुरू व्हायचं. बाकीच्या दहा जणांनी त्याचं नावच 'उस्ताद म्हणाले' ठेवलं होतं. त्याला ते कळलं तेव्हा तो रागावला नाही. उलट मनातून सुखावला.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात संस्थेला एक पत्र आलं.

सरकारी कागद, खाली शिक्का. दरे-नाव नावाच्या दरीत बर्फ वितळताना उतार घसरला होता. माणसं वाचली, पण अकरा घरं गाडली गेली आणि उरलेल्या एक्कावन्न घरांच्या भिंती तडकल्या. गाव कुठे हलवावं, हे संस्थेने कळवावं.

बावीस वर्षांत संस्थेला कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ते पत्र सगळ्यांनी आळीपाळीने वाचलं. माहगुल नावाची एक शिष्या होती, अबोल, तिच्या हाताखालचा नकाशा कधी वेडावाकडा व्हायचा नाही. तिने पत्राचा वास घेतला.

"शाईचा वास येतोय," ती म्हणाली. सगळे हसले.

लगेच सगळे दरीत गेले. गावाच्या वर एक सपाट माळ होता, ऐसपैस, उन्हातला. गावकऱ्यांचा डोळा त्यावरच होता. गजभियेंचा गुडघा सुजलेला, तेवढं चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी समोरच्या उतारावर खुर्ची टाकून दुर्बिणीने माळ पाहिला, विमानातून काढलेला फोटो पाहिला आणि नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या खाली सैल, घसरणारी जमीन. रेघेच्या वर जागचा, पक्का खडक. माळ रेघेच्या वर होता.

"आता वर जाऊन मोजून या," ते म्हणाले. "मी फक्त पाहिलं आहे. मोजायचं तुम्हाला आहे."

माळ नवीदच्या वाट्याला आला. डोंगरातले थर सगळीकडे दरीच्या बाजूला अठ्ठावीस अंश कललेले होते. माळावर जे खडक वर डोकावत होते, तिथे नवीदने होकायंत्र टेकवलं, तर कल उलटा निघाला. चौदा अंश, डोंगराच्या बाजूला. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा.

तो थोडा वेळ तिथे बसला... मग त्याने रबर काढला.

आणि परत उतरताना गावच्या अरबाबला, म्हणजे पाटलाला, तो सांगून आला, "उस्तादांनी रेघ मारली आहे. जागा पक्की. कामाला लागा."

हे सगळं नवीदने त्या सकाळी चहा टाकताना, पाठमोरं उभं राहूनच सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना त्याचा आवाज बारीक झाला.

गजभियेंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे ते बांधून राहिले तिथे?"

"नऊ दिवस झाले."

"उठ."

"कुठे, उस्ताद?"

"माळावर. अन् माहगुललाही घे. एक खेचर पाहा माझ्यासाठी, जरा दयाळू स्वभावाचं."

जीपने दरीच्या तोंडापर्यंत चार तास, मग पायवाट. खेचर दयाळू नव्हतं. ते प्रत्येक वळणावर कड्याच्या अगदी काठाने चालायचं, आणि गजभिये मोठमोठ्याने त्याला मराठीत समजावायचे. पुढे लगाम धरून नवीद. मागे माहगुल.

अर्ध्या वाटेवर नवीदने मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "उस्ताद, मी तुमच्यावर श्रद्धा ठेवली. त्यात माझं काय चुकलं?"

"तू मोजलं तेव्हा होकायंत्र कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"माळावर कोण उभं होतं?"

"मी."

"मी कुठे होतो?"

"...समोरच्या उतारावर. खुर्चीवर."

"मग?"

नवीदने लगाम घट्ट धरला. "पण तुमची पस्तीस वर्षं, आणि माझी दोन..."

"त्या श्रद्धेखाली बासष्ट कुटुंबं झोपणार होती, नवीद."

नवीदने लगाम डोंगराच्या बाजूला ओढला. खेचर जरा आत सरकून चालू लागलं.

माळावर जत्रा भरल्यासारखं झालं होतं. बायका, म्हातारे, सगळे दगड वाहत होते. एकीकडे कढईत चहा उकळत होता. घरांच्या आधी त्यांनी शाळेचा पाया घेतला होता. तो गुडघाभर वर आला होता.

पाटील यारमोहम्मद दोन्ही हात पसरून पुढे आला. उंचापुरा, दाढी मेंदीने रंगवलेली.

"या, उस्ताद, या! तुमच्या रेघेवर आम्ही निम्मी शाळा उभी केली!"

गजभियेंनी छातीवर हात ठेवून सलाम केला. ते हसले नाहीत. खेचरावरून उतरले, लंगडत एका उघड्या खडकापाशी गेले आणि नवीदला म्हणाले, "मोज."

नवीदने होकायंत्र टेकवलं.

"चौदा... डोंगराकडे."

"तो पलीकडचा."

"पंधरा. डोंगराकडे."

"माहगुल, तू तो खालचा मोज."

"बारा," माहगुल खालून ओरडली. "डोंगराकडे!"

सहा ठिकाणी मोजलं. सहाही वेळा उलटा कल. शेवटी गजभिये माळाच्या काठापर्यंत गेले. खाली वाकून पाहिलं. काठाच्या बुडाशी झऱ्यांची ओळ होती, आणि त्याखाली ओढा माती कुरतडत होता.

ते एका दगडावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग ते मान हलवून हसायला लागले, एकटेच, पोट हलेपर्यंत.

"चुकलो ना बाप्पा," ते म्हणाले. "पुरा चुकलो."

पाटील जवळ आला. "उस्ताद काय म्हणतात?"

दुभाषा नवीदच होता. त्याने एकदा उस्तादांकडे पाहिलं, एकदा शाळेच्या पायाकडे. मग तो आपल्या भाषेत म्हणाला, "उस्ताद म्हणतात, वसंतात जमीन थोडी बदलली आहे."

"नाही."

माहगुल चढून वर आली होती. तिला धाप लागली होती.

"ते तसं म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "ते म्हणाले, चुकलो. तो शब्द मला येतो."

नवीदचा चेहरा लाल झाला. "माहगुल, उस्तादांची इज्जत..."

पण गजभियेंना तेवढं समजलं. दोन वर्षांत त्यांनाही त्या लोकांची भाषा मोडकीतोडकी येऊ लागली होती. ते उठले, पाटलासमोर उभे राहिले आणि शब्द शोधत म्हणाले, "मन... इश्तबाह कर्दम."

मी चूक केली.

दगड वाहणारे थांबले. चहावालाही वळून पाहू लागला.

गजभियेंनी मग हातवारे करत, अडलं तिथे माहगुलकडून शब्द घेत, समजावून सांगितलं. हा सगळा माळ फार पूर्वी वरच्या डोंगरातून सुटला आणि खाली येऊन बसला. बसताना मागे रेलला, जेवण झाल्यावर माणूस भिंतीला रेलतो तसा. म्हणून याचे थर उलटे. वरून तो पक्का दिसतो, पण त्याच्या पायाखालचं ओढा काढून नेतो आहे.

"पुन्हा घसरेल?" पाटलाने विचारलं.

"घसरेल."

"कधी?"

"ते मला माहीत नाही."

पाटील शाळेच्या पायापाशी गेला. सर्वांत वरचा दगड त्याने हाताने चाचपला. तो चांगला घडवलेला होता.

"हा मी स्वतः बसवला," तो म्हणाला. "नऊ दिवस... गावातली प्रत्येक पाठ दुखते आहे, उस्ताद."

"हो."

"बायकासुद्धा."

"हो."

पाटील वळला. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि तो काही क्षण तसाच राहिला. गजभियेंनी नजर खाली घातली नाही.

"बावीस वर्षांत या दरीत किती जण आले," पाटील शेवटी म्हणाला. "कोणी गाड्यांतून, कोणी वरून, पंखे फिरवत. प्रत्येकाने आम्हाला सांगितलं की काय करा, कुठे राहा, कोणाचं ऐका. चुकलो म्हणणारा तुम्ही पहिला." त्याने दाढीवरून हात फिरवला. "चहा घ्या. रागवायचं ते मग रागवेन."

चहा झाला. पाटील रागावला, पण थोडंच. मग म्हणाला, "हे दगड खाली कोण नेणार?"

"आम्ही," गजभिये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा शिष्य माळावर हजर झाले. गावकरी आधी बघत राहिले, मग हसत हसत मदतीला आले. तीन दिवस दगड उतरले. गजभिये एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात एकेक लहान दगड घेऊन उतरायचे. एकदा पाटलाची म्हातारी आई त्यांना ओलांडून गेली, डोक्यावर त्यांच्या दगडाच्या दुप्पट दगड घेऊन. जाताना काहीतरी बोलली. सगळे खो खो हसले.

"काय म्हणाली?" गजभियेंनी विचारलं.

नवीदला सांगावंसं वाटेना. पण या वेळी त्याने शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणाली... हा पाहुणा डोक्यापेक्षा गुडघ्याने जास्त काम करतो, आणि गुडघा तर मोडलेला आहे."

गजभिये हसता हसता खाली बसले. नवीदला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. तो स्वतः कधी हसायला लागला, ते त्याला कळलं नाही.

मग संस्थेत परतून नवी जागा शोधायची होती.

माहगुलने नकाशावर ओढ्यापलीकडची डोंगराची सोंड दाखवली. थोडी चढाची, खडकाळ, शेतापासून अंतरावर. पण तिथला एकही थर जागचा हललेला नव्हता. तिच्या वहीत त्या सोंडेवरचे बेचाळीस आकडे होते.

"मला ती पटत नाही," गजभिये म्हणाले. "वरून दगड येतील."

"येणार नाहीत, उस्ताद."

"कशावरून?"

"वरच्या उतारावर जुने जर्दाळू आहेत. एकाही खोडाला मार नाही."

"मी तर म्हणतो येतील."

"मग तुम्ही वर चला आणि मला मार लागलेलं एक झाड दाखवा."

सगळ्यांनी नवीदकडे पाहिलं. आता तो म्हणणार, उस्ताद म्हणाले...

नवीदने ओठ चावला. मग स्वतःची पिशवी उचलली.

"मी जातो," तो म्हणाला. "मी माहगुलच्याही बाजूने जात नाही आणि उस्तादांच्याही. झाडं पाहायला जातो."

तो दोन दिवस गेला. चौसष्ट झाडं पाहून आला. एकालाही मार नव्हता. वहीत कुठेच खाडाखोड नव्हती.

"मी हरलो," गजभिये म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी पिठलं केलं. ते लोक त्याला पिवळा शोरबा म्हणायचे आणि नान बुडवून खायचे. हरलेला माणूस इतक्या उत्साहाने कांदा चिरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पत्राचं उत्तर जायचं होतं, सोबत नकाशा. नवीद कोरा कागद घेऊन आला.

"उस्ताद, नवीन नकाशा काढतो. स्वच्छ. जुनी रेघ त्यात येणारच नाही."

"काहून?"

"संस्थेचा पहिला नकाशा आहे. त्यावर खोडलेली रेघ? लोक काय म्हणतील? आणि ती तुमची..."

"रेघ राहील. तिच्यावर काट मारायची. शेजारी लिहायचं, कोणी ओढली, कोणी तपासली, कशी चुकली."

"पण कशासाठी?"

"आणखी चाळीस वर्षांनी माझ्यासारखाच कोणी खुर्चीवर बसून तो माळ पाहील. त्यालाही तो छान दिसेल."

त्यांनी जुना नकाशा टेबलावर पसरला आणि शाईचं पेन नवीदपुढे सरकवलं.

नवीदने पेन घेतलं. रेघेवर आणलं... आणि तिथेच थांबला.

"माझ्या हाताने नाही होत, उस्ताद."

"दोन वर्षं तू माझं ऐकलं?"

"प्रत्येक शब्द."

"मग एवढं शेवटचं ऐक. माझं ऐकू नको."

नवीद वर पाहत राहिला. उस्ताद गंमत करत आहेत का, ते त्याला कळेना. गजभिये शांतपणे चष्मा पुसत होते.

काही वेळाने कागदावर पेन करकरलं. काट जरा वाकडी आली, पण ठसठशीत आली.

शेजारी त्याने लिहिलं. रेघ, गजभिये. तपासणी, नवीद आणि माहगुल. पहिली नोंद खोडली, नवीद. हे शेवटचं लिहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गजभियेंनी ते वाचलं. मग त्याच्या पाठीवर एक थाप मारली. जोरात.

"आता सही," नवीद म्हणाला आणि पेन पुढे केलं.

"माझी नाही. संस्था तुमची. तुम्ही करा."

अकरा सह्या झाल्या. जागा पुरेना, म्हणून शेवटच्या दोघांनी समासात केल्या.

पेन ठेवताना नवीदच्या मनात एक विचार आला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आत्ता कळलं!" तो म्हणाला. "तुम्ही ती रेघ मुद्दाम चुकवली होती. आमची परीक्षा घेत होतात. हो ना, उस्ताद?"

"नाही."

"मला सांगा, मी कोणाला बोलणार नाही."

"खरंच चुकलो, बेटा."

नवीदचा चेहरा पडला. त्याला परीक्षा हवी होती. परीक्षा असती तर उस्ताद पुन्हा उंच जागी जाऊन बसले असते. बराच वेळ तो त्या वाकड्या काटेकडे बघत राहिला.

हिवाळ्याच्या तोंडावर गजभियेंची दोन वर्षं संपली. तोवर सोंडेवर शाळेला छप्पर चढलं होतं आणि घरांच्या भिंती उभ्या राहत होत्या. पाटलाने निरोप म्हणून वाळवलेल्या तुतीच्या फळांचं एक गाठोडं पाठवलं, आणि आईने त्यांच्या गुडघ्यासाठी कसलंसं तेल.

निघायच्या सकाळी अंगणात जीप उभी राहिली. दगडांचा ढीग तिथे आता नव्हता. दगड आत गेले होते, साध्या पाइनच्या फळ्यांवर, नव्या चिठ्ठ्या लावून. चारशे-पाचशे चिठ्ठ्यांवर मात्र फक्त प्रश्नचिन्ह होतं.

निरोपाला एकटा नवीदच बाहेर आला. आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. सकाळीच दुसरं पत्र आलं होतं. एका खिंडीतून रस्ता काढायचा होता, आणि तिथला खडक कोणता यावर दहा जण तावातावाने भांडत होते. सर्वांत वर आवाज माहगुलचा होता.

"माफ करा, उस्ताद," नवीद ओशाळून म्हणाला. "त्यांना वेळेचं भान नाही. मी सगळ्यांना बोलावतो."

"राहू दे, राहू दे." गजभिये खिडकीखाली उभे राहून थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता. "तुला काय वाटते? कोणता खडक?"

"माहगुल चुकते आहे, असं मला वाटतं."

"तिला सांगितलं?"

"दोनदा. ती म्हणते, दाखव."

"मग जा ना आत. दाखव."

नवीद गेला नाही. त्याने पेटी जीपमध्ये ठेवली, तुतीचं गाठोडं नीट बसवलं, मग काढून पुन्हा बसवलं. गजभिये काठी आत टाकून पुढच्या सीटवर चढले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

नवीदने दाराची कड धरून ठेवली होती.

"उस्ताद..."

"बोल."

"तुम्ही गेल्यावर आमच्या चुका कोण दाखवणार?"

गजभियेंनी त्याच्या हातावर हात ठेवला. खिडकीतून माहगुलचा आवाज आला, आणि पाठोपाठ कोणाचं तरी हसू.

"अन् नागपुरात," ते म्हणाले, "माझ्या कोण दाखवणार, सांग?"